चारशे सतरासमोरचा रिकामा रकाना

४ फेब्रुवारी

गोगलगाईस मामाचे आशीर्वाद. मागच्या वेळचे उरले असतील तर त्यात मिळवून घे.

पोचलो. सामानही पोचलं. मामीने कोंबलेला स्वेटर पिशवीत सगळ्यात वर होता, त्यामुळे बाकीचं काही सापडेना. खोली लहान आहे पण खिडकी मोठी आहे. खिडकीतून सिमेंटच्या कारखान्याची चिमणी दिसते आणि तिच्या पायाशी आमचं पिटुकलं यंत्र. मोठ्या चिमणीचा धूर इकडे वळवायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड गाळून घ्यायचा, पहिल्या भांड्यात हायड्रोजनबरोबर तापवून त्याचा मोनॉक्साइड करायचा आणि दुसऱ्या भांड्यात त्या मोनॉक्साइडचं इंधन. एवढंच. बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला हे काही जड नाही.

पहिल्या भांड्यात तुझी काळी पूड आहे. डब्यावर नुसता आकडा, ४१७. मी साहेबांना सांगितलं, ही आमच्या भाचीने शोधलीय. ते म्हणाले, माहीत आहे, तिनेच तर तुमचं नाव सुचवलं. म्हणजे निवृत्तीनंतर मी भाचीच्या हाताखाली लागलो म्हणायचं!

मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो, आणि तसाही फोन माझ्या काय कामाचा. बॉयलरांनी माझे कान खाल्ले. फोनवर तू ओरडतेस, मी ओरडतो, आणि शेजारचे समजतात भांडण चाललंय. तेव्हा आपली पत्रंच बरी. टपालाला चार दिवस लागतात असं इथे कळलं.

दुसऱ्या पाळीला एक मिशीवाला ऑपरेटर आहे. माणूस चांगला, पण लॉगबुकात आळशी. काल बघतो तर दर तासाच्या नोंदीत चार ठिकाणी शून्य. विचारलं, हे काय? म्हणे, काटा बघायचा राहिला म्हणून शून्य टाकलं. म्हटलं, अरे बाबा, न बघितलेला काटा शून्यावर असतो असं तुला कोणी सांगितलं? बघितलं नाहीस तर रकाना रिकामा ठेव. रिकामा दिसला तर पुढचा माणूस उठून बघायला जाईल. शून्य दिसलं तर निवांत चहा पीत बसेल.

तुला आठवतं का? सात वर्षांची होतीस. तुझे बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि तू नुकतीच आमच्याकडे आली होतीस. माझ्या मांडीवर बसून माझ्या लॉगबुकात तू रिकाम्या जागी गोल गोल शून्यं काढलीस, कारण शून्य तुला छान जमायचं. आयुष्यात तेव्हा एकदाच मी तुला चापट मारली. अजून वाईट वाटतं. पण तेव्हा शिकलीस ते पक्कं झालं असेल.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

वाकून नमस्कार केलाय, इथूनच. चापट आठवते. तिच्यानंतर तू मला खांद्यावर बसवून बॉयलर दाखवायला नेलंस तेही आठवतं, त्यामुळे हिशेब मिटला.

तू विचारत नाहीस, पण तुला जाणून घ्यायचंय हे मला माहीत आहे, म्हणून सांगते. तुझ्या भांड्यातली पूड म्हणजे कार्बनची जाळी, आणि त्या जाळीत ठिकठिकाणी निकेलचा एकेकच अणू बसवलेला. धातूचा गोळा नाही, कणही नाही, सुटे सुटे अणू. प्रत्येकाला खुर्ची वेगळी, शेजारी नायट्रोजनचे. धातू बदलला, शेजारी बदलले की अणूचा स्वभाव बदलतो. असे अकराशे चाळीस प्रकार आम्ही संगणकावर मांडले. प्रत्यक्षात करायचे तर माझा जन्म पुरला नसता. संगणक प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. कार्बन डायऑक्साइडला धरतोस का? मोनॉक्साइड झाल्यावर त्याला सोडतोस का? आणि हे सगळं करताना तू स्वतः खुर्ची सोडून पळत नाहीस ना? तिन्ही उत्तरांचे आकडे येतात, यादी आपोआप लागते. ४१७ पहिला आला.

आणि मला गोगलगाय म्हणणाऱ्या माणसा, ऐक. आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांना गेल्या जुलैच्या बैठकीत यादी हवी होती. दोन वर्षांचं काम मी सात महिन्यांत संपवलं. सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं. मामी रडली. मग मीही रडले.

तिथले लेखी नियम मात्र डोळ्यांत तेल घालून पाळ. विशेषतः शनिवारी यंत्र बंद करताना नायट्रोजन सोडून भांडं धुऊन घ्यायचं, तो नियम. मोनॉक्साइड आत राहायला नको.

मामी विचारते, स्वेटर घालतोस का? खोटं उत्तर दिलंस तरी चालेल, पण दे.

तुझी गोगलगाय (आता वेगवान)


२४ फेब्रुवारी

वेगवान गोगलगाईस,

स्वेटर घालतो. (बघ, जसं सांगितलंस तसं दिलं.)

तुझं ४१७ झकास चाललंय. साहेबांनी ठरवलेल्यापेक्षा सव्वापट मोनॉक्साइड निघतोय. साहेब येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारतात, जणू मीच तो अणू बसवलाय. पाहुणे येणार आहेत बघायला. चौदा मार्चला.

एक गंमत सांगायचीय. उरलेला गॅस जाळायला आमच्याकडे एक उंच नळी आहे, तिच्या टोकाला ज्योत असते. निळी, दिवसा दिसतही नाही धड. पण सोमवारी यंत्र सुरू केलं की पहिले दोन तास ही ज्योत पांढरी लख्ख होते, बघवत नाही तिच्याकडे. मग हळूहळू पुन्हा निळी. दोन सोमवार हेच. बत्तीस वर्षांत मी पुष्कळ ज्योती बघितल्या, अशी नाही बघितली.

दुसरी गंमत. आज दुसऱ्या भांड्याच्या तोंडाशी गॅस आत येतो तो पाइप सोडवला, गळतोय का बघायला. आतून आरसा! खरंच सांगतो, न्हाव्याच्या दुकानात असतो तसा. मी वाकलो तर माझं टक्कल दिसलं, पहिल्यांदा इतकं स्पष्ट. पाइप बसवला तेव्हा आतून करडा होता, मीच पुसून बसवला होता. चकाकणारा थर नखाने टवका निघेल इतका जाड आहे. एक टवका कागदात गुंडाळून पाठवतोय. तुझ्या लोकांना विचार काय आहे. मला वाटतं, चांदी सापडली. मामीला सांग, आता काळजी नाही.

पाइप उघडला तेव्हा जरा कोंदट वास आला, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या कपाटासारखा. मोनॉक्साइडचा भोंगा वाजला नाही, म्हणजे तसं काही नव्हतं.

तुझा मामा


२८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

टवका मिळाला. तपासायला दिला आहे, बारा-पंधरा दिवस लागतील. पोलादच घासून चमकलं असेल, फार विचार करू नकोस.

एकच विचारते. शनिवारी नायट्रोजनने भांडं धुतोस ना? पूर्ण तासभर? आणि तो पाइप पुन्हा उघडू नकोस. ज्योत पांढरी असते तेव्हा तिथे उभा राहू नकोस, लांबून बघ.

इथे काम खूप आहे. सविस्तर पुढच्या वेळी लिहीन.

तुझी
गो.


७ मार्च

चि. गो.,

एवढं लहान पत्र तू आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस. भांडलीस का कोणाशी? की कोणी आवडलंय? दोन्हींपैकी काहीही असलं तरी मामाला सांगायची पद्धत आहे आपल्याकडे.

शनिवारी सगळं नियमाप्रमाणे होतं. मला यंत्र बंद करायला तू शिकवणार का आता? तू दुधाच्या बाटलीवर होतीस तेव्हापासून मी भांडी थंड करतोय.

इथे एक वाईट झालं. मिशीवाला इस्पितळात आहे. सोमवारी सकाळी त्याने पहिल्या भांड्यापुढची गाळणी बदलली, यंत्र सुरू करायच्या आधी. बाहेर आला तर डोकं धरलेलं, म्हणे गरगरतंय. ओकला. पाणी पाजलं, सावलीत बसवलं, अर्ध्या तासात उठून हसायला लागला. मंगळवारी कामावर आला, बुधवारी माझ्याशी पत्ते खेळून जिंकला. गुरुवारी, म्हणजे काल, दुपारी श्वास घेता येईना. ओठ जांभळे. साहेबांच्या गाडीतून शहरात नेला. डॉक्टर म्हणतात न्यूमोनिया. सिगारेटी फार ओढायचा, मी सांगून सांगून थकलो होतो.

त्याची बायको फाटकावर येऊन बसली होती. तिच्या हातात त्याचा डबा होता.

आता दोन्ही पाळ्या माझ्याच. पाहुणे यायच्या आधी साहेबांना सगळं लख्ख हवंय, म्हणून यंत्र मंगळवारी थांबवायचं आणि बुधवारी भांडं, गाळणी, पाइप सगळं उघडून साफ करायचं ठरलंय.

टवक्याचं काय झालं? चांदी आहे ना?

तुझा मामा


१३ मार्च, सकाळ

मामा,

हे पत्र उभ्यानेच वाच आणि वाचून झालं की तिथून नीघ. शहरातल्या इस्पितळात जा. कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत मी एक शब्द लिहिलाय, निकेल कार्बोनिल. तो डॉक्टरांना दाखव. आणि मिशीवाल्याच्या डॉक्टरांनाही दाखव. त्याला न्यूमोनिया नाही.

टवका चांदी नाही. शुद्ध निकेल आहे. काल अहवाल आला. मामा, ते माझे अणू आहेत. पुडीतले. ते खुर्च्या सोडून निघाले आणि तुझ्या पाइपात जाऊन बसले.

निकेल असा पाइपातून चालत जात नाही. भांडं थंड होत असताना आत मोनॉक्साइड राहिला, तर तो निकेलला धरून आपल्याबरोबर नेतो. त्या दोघांचा मिळून एक वेगळाच वायू होतो. पुढे गरम जागा आली की निकेल तिथे सोडून देतो, म्हणून आरसा. उरलेला ज्योतीत जळतो, म्हणून ज्योत पांढरी. हा वायू मोनॉक्साइडपेक्षा कितीतरी विषारी आहे. तुमचा भोंगा त्याच्यासाठी नाहीच, तो वाजणार नाही. कोंदट कपाटासारखा वास म्हणालास ना, तोच तो.

आता माझं ऐक. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगायची माझी हिंमत नाही, आणि तुलाच सांगायची लाज वाटते.

तिसरा प्रश्न, अणू खुर्ची सोडतो का. अकराशे चाळीसपैकी त्रेसष्ट प्रकारांमध्ये हे गणित सुटलंच नाही. संगणक दिवसचे दिवस फिरत राहायचा आणि उत्तर न देता थांबायचा. त्या जागा रिकाम्या राहिल्या. रिकाम्या जागा असल्या की यादी लागत नव्हती, सारखी अडकायची. बैठक चार दिवसांवर आली होती. मी एक ओळ लिहिली, जिथे रिकामं आहे तिथे शून्य भर. नंतर परत येऊन ती त्रेसष्ट गणितं नीट करीन असं म्हटलं होतं. आणि त्या रकान्यात शून्य म्हणजे काय माहीत आहे? शून्य म्हणजे अणू जागचा हलत नाही. सगळ्यात चांगला गुण.

४१७ पहिला आला कारण त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं.

तुझं आरशाचं पत्र वाचलं त्याच दिवशी मला शंका आली. मी ती ओळ उघडून बघितली, आणि तुला लिहिलं की पोलाद घासून चमकलं असेल. आधी गणित पुन्हा करून बघते, खात्री करते, मग सांगते, असं ठरवलं. खरं कारण तेही नाही. सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं ना. तेरा दिवस मी तोंड शिवून बसले. त्या तेरा दिवसांत तो माणूस गाळणी बदलायला गेला.

परवा तुझं पत्र आलं. मिशीवाल्याचं वाचलं. काल अहवाल आला, काल रात्री सरांना सांगितलं. ते म्हणाले, चौदा तारीख जाऊ दे. मी खोलीतून उठून आले. आज सकाळी तुझ्या साहेबांना फोन केला. म्हटलं, काहीही उघडू नका, मामाला बाहेर काढा. ते म्हणाले, एवढं असेल तर लेखी पाठवा. मी तुझी तब्येत विचारली, तर हसले. म्हणाले, आत्ताच बघितलं, मजेत चहा पितायत.

बुधवारी उघडायचं होतं, ते पाहुण्यांच्या गडबडीत राहिलं असेल अशी मी आशा धरून बसलेय. साहेब त्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

पण उघडलं असेल तर हे नीट वाच. या विषात माणूस आधी आजारी पडतो, मोकळ्या हवेत आला की बरा होतो. अगदी बरा. एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहून जास्त. त्या काळात आत फुप्फुसं जळत असतात आणि माणसाला कळत नाही. बरं वाटलं म्हणजे सुटलास असं नाही. बरं वाटत असलं तरच जायचंय इस्पितळात, कारण तेव्हाच काही करता येतं. नंतर फार उशीर होतो.

हे तातडीच्या टपालाने पाठवतेय. उद्या पहाटे आमच्या प्रयोगशाळेतून तुमच्याकडे नमुन्यांची गाडी निघते, तिच्यात मी बसणार. वाट दीड दिवसाची आहे. दोघांपैकी जे आधी पोचेल ते.

मामा, शनिवारी नायट्रोजन सोडत होतास ना? तो सोडला असशील तर मोनॉक्साइड आत राहिलाच नसेल, मग हे सगळं चुकीचं आहे, मीच मूर्ख आहे, तू मला आणखी एक चापट मार. मला चुकीचं ठरायचंय. इतकं कधीच वाटलं नव्हतं.

मामीला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी


१३ मार्च, दुपार

चि. गोगलगाईस,

साहेब म्हणाले, सकाळी तुझा फोन आला होता, फार घाबरलेली वाटलीस म्हणे. काहीतरी लेखी पाठवणार आहेस. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, तिला कळवा, मामा ठणठणीत आहे! (ओरडायची गरज नव्हती, त्यांचे कान चांगले आहेत. सवय माझी.) भांडं उघडू नका म्हणालीस असंही ते म्हणाले. पण ते कालच उघडलं. आता लख्ख झालंय सगळं. उद्या पाहुण्यांनी त्यात तोंड बघावं.

गाळणी काढताना तो कपाटाचा वास पुन्हा आला, या वेळी चांगलाच. डोकं एकदम गच्च झालं, पोटात ढवळलं, बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि सकाळचं सगळं ओकलो. मामीला यातलं अक्षर सांगू नकोस. दहा-पंधरा मिनिटं वाऱ्याला बसलो, मग अगदी मोकळं वाटलं. काल संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आज तर विशीतला झाल्यासारखं वाटतंय. तेव्हा घाबरायचं बंद कर.

तुझ्या मागच्या पत्राला मी जरा फणकाऱ्याने उत्तर दिलं, ते मनात राहिलंय, म्हणून खरं सांगून टाकतो. शनिवारी नायट्रोजन मी सोडत नाही. पहिल्या आठवड्यात सोडला होता. तर काय झालं, सोमवारी तुझं ४१७ रुसून बसलं, मंगळवार दुपारपर्यंत धड काम करीना. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाले ही पूड चांगली नाही वाटतं. माझ्या पोरीने दोन वर्षांचं काम सात महिन्यांत करून शोधलेली पूड! मला सहन होईना. मग पुढच्या शनिवारी मी गॅस आतच ठेवला, व्हॉल्व्ह बंद करून गुपचूप भांडं थंड होऊ दिलं. सोमवारी पहिल्या तासापासून पळायला लागलं. तेव्हापासून हेच करतो. लॉगबुकात 'नियमाप्रमाणे' लिहितो. बत्तीस वर्षांत लॉगबुकात केलेला हा एकच खोटेपणा, आणि तो तुझ्यासाठी. तू रागावशील म्हणून आधी सांगितलं नाही. आता रागाव.

मिशीवाला काल गेला. त्याची बायको आज पुन्हा फाटकावर आली होती, त्याचे कपडे न्यायला. चांगला माणूस होता. त्याच्या कपाटात मला त्याचं लॉगबुक सापडलं. मी बोललो होतो ना, त्यानंतर एकही शून्य नाही त्यात. न बघितलेल्या जागा रिकाम्या ठेवल्यात.

पाहुणे गेले की चार दिवस रजा घेऊन येतो. तुझ्या त्या टवक्याची अंगठी करू मामीला.

सकाळपासून जरा कोरडा खोकला येतोय, बहुतेक ती धूळ असेल. मामीला सांग, स्वेटर घातलाय.

कालची एक नोंद राहिली माझ्याकडून. डोकं फिरलं होतं, त्या तासाचा काटा बघितलाच नाही. रकाना रिकामा ठेवलाय.

तुझा मामा